पाणी गार हाय का बगू

मुलांच्या अँटिबायोटिकच्या पावडरीत घालायला मी पाण्याचा जग उचलला, की काउंटरपलीकडून हात यायचा. "थांबा की डाक्टर, आदी पाणी गार हाय का बगू." मावशी जगाला गाल लावायच्या, मान डोलवायच्या, मगच मी ओतायचं.

मी डॉक्टर नाही. कुंभारीच्या रस्त्यावर माझं मेडिकल आहे. सुरुवातीला हे सांगून पाहिलं. मग पदवी आवडायला लागली.

विड्या वळून झाल्या की मावशी दुपारी दुकानाच्या पायरीवर येऊन बसायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, तहान लागलीय. अदबीनं पेला भरून दिला. त्यांनी त्यालाही गाल लावला आणि परत केला.

एकदा त्यांची खोड मोडायला फ्रिजमधलं बर्फगार पाणी ओतलं. पावडरीचे गोळे झाले. ते मोडायला बाटली हलवता हलवता मीच घामाघूम. "डाक्टर, लेझीम खेळाय लागला की!" त्यांना हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

"मावशी, तुमच्या घरी कोण आजारी?" शेवटी विचारलं.

"कुणी न्हाय. आता घरात कुणीच न्हाय."

मग सांगू लागल्या. लेक लहान होती, तापानं फणफणलेली. तेव्हाच्या दुकानदारानं सांगितलं, पावडरीत उकळलेलं पाणी घाला. गार करून, हे सांगायचं राहिलं. यांनी चुलीवरून उतरवलेलं वाफाळतं पाणी तसंच ओतलं. गरम पाण्यानं औषधाचा जोर जातो, हे कळलं तेव्हा लेक नव्हती.

"आजारच मोठा असेल, मावशी."

"आसंल. पर माज्या पाण्यानं झालं का न्हाय, तेवडं सांगा."

मी एवढा बडबड्या, पण कपाटातली औषधं नीट लावायला लागलो.

एका दुपारी त्यांनी पदराआडून बाटली काढली. तळाला पिवळी, वाळलेली खपली. "ह्यात औषद हुतं का नुसतं पाणी, कुटं तपासून मिळंल?"

इतक्या वर्षांनी ते कुणालाच सांगता येणार नाही, हे मला ठाऊक होतं. तरी म्हणालो, "मिळेल. ठेवून जा."

बाटली कुठंच पाठवली नाही. उत्तर मात्र तयार केलं: औषध शाबूत होतं मावशी, तुमच्या पाण्यानं काही झालं नाही. खोटं बोलताना मला हसू फुटतं, म्हणून आरशासमोर घोकलं.

त्या आल्याच नाहीत. त्यांच्या खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, गावाकडं गेल्या. तिची सासू म्हणाली, गेल्याच.

अजूनही दुपारी काउंटरवर सावली पडली की ते वाक्य ओठांवर येतं. आता हसू फुटत नाही. मान वर करतो, तर खोकल्याचं औषध मागायला दुसरंच कुणी उभं.