परत आलेला वाटा

"हूज बॅग इज धिस?"

टीचर माझ्या बाकाशी उभ्या होत्या. साडीचा पदर नाकाला. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसं त्यांनी माझं दप्तर दोन बोटांनी उचललं आणि पुढे नेऊन टेबलावर ठेवलं. आत वर्तमानपत्रात बांधलेली पुडी होती. पुडीत सुके बोंबील. ते त्यांच्यासाठीच आणले होते. मी सांगायला तोंड उघडलं, पण इंग्रजीत कसं सांगायचं ते येत नव्हतं आणि वर्गात मराठी बोलायला बंदी होती.

त्या दिवशी धडा होता जवळच्या अर्थांच्या शब्दांचा. टीचरनी फळ्यावर पाच शब्द लिहिले. फ्रॅग्रन्स, अरोमा, स्मेल, ओडर, स्टेंच. म्हणाल्या, सगळे वासाचेच शब्द, पण प्रत्येकाची जागा वेगळी. फ्रॅग्रन्स मोगऱ्याचा. अरोमा कॉफीचा. स्मेल कशाचाही. ओडर म्हणजे नकोसा वास, पण सभ्यपणे सांगायचा. आणि स्टेंच? त्यांनी पुडीची सुतळी सोडली.

"क्लास, विच वर्ड?"

अख्खा वर्ग ओरडला.

मग मला वाक्य म्हणायला लावलं. "माय बॅग हॅज अ स्टेंच." मी म्हटलं. हळू म्हटलं म्हणून पुन्हा म्हणायला लावलं. टीचर हसल्या. "गुड. नाउ यू विल नेव्हर फरगेट."

खरं बोलल्या बाई. नाही विसरले.

आम्ही उत्तनचे. घर किनाऱ्याला लागून. पाऊस सरून ऊन कडक झालं की आय बोंबील वाळत घालायची. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी बांबूवर टांगायची. आमच्या घरात एक रीत होती. मोसमातला पहिला बोंबील वाळला की बाजारात नेण्याआधी त्याचे वाटे काढायचे. ज्यांचे उपकार, त्यांना. एक वाटा चर्चच्या फादरला, एक माझ्या जन्माच्या वेळी धावून आलेल्या म्हातारीला. त्या वर्षी आयने एक वाटा टीचरसाठी काढला. आपली पोर भाईंदरच्या इंग्रजी शाळेत शिकतेय ती कुणामुळे? मोठे, सरळ, पिवळसर वाळलेले बोंबील तिने निवडून घेतले.

"टीचरला दे. बोल, आयनं दिलाय. पयला हाय."

कुणी मासे खातच नसेल, हे तिच्या डोक्यात आलं नाही. आमच्या गावात कुणाच्याच आलं नसतं. आपण दिलेल्या मानाचा कुणाला त्रास होईल असं तिला वाटणार तरी कसं?

संध्याकाळी दप्तरात पुडी परत आलेली बघून तिने विचारलं, "टीचर न्हाय भेटली?"

मी सगळं सांगितलं. शब्दासकट. आय शाळेत गेलेली नव्हती. "म्हंजे काय?" म्हणाली.

"सडका वास," मी म्हटलं.

तिने उजवा तळहात नाकाशी नेला आणि हुंगला. मग डावा हुंगला. मग दोन्ही हात लुगड्याला पुसले, खूप वेळ पुसले. वर्गाचं ते ओरडणं माझ्या कानातून कधीच गेलं, पण ते दोन तळहात मला अजून दिसतात. भाजी चिरताना दिसतात, डोळे मिटले तरी दिसतात.

परत आलेला वाटा आमच्यात खात नाहीत, विकतही नाहीत. आय पाण्यात गुडघाभर गेली आणि तिने पुडी सोडून बोंबील समुद्राला दिले. पण वाळलेला बोंबील हलका असतो. तो बुडेना. लाट आली की तिच्या पायाशी परत यायचा. ती पुन्हा ढकलायची, तो पुन्हा यायचा. मी वाळूत उभी राहून बघत होते.

त्यानंतर तिने माझ्या शाळेत कधी काही पाठवलं नाही.

मी मात्र शहाणी झाले. हाय-न्हाय टाकलं, आहे-नाही धरलं. कातडी सोलेल इतका साबण घासला. बसमध्ये कुणी रुमाल काढला की आधी स्वतःची बाही हुंगायची. मुलाखतीला एसी खोलीत बसले तर घाम फुटायचा, आणि घाम फुटला की वास येईल म्हणून आणखी फुटायचा. नवऱ्याने पहिल्यांदा जवळ घेतलं तेव्हा मी अंग चोरलं. त्याला वाटलं लाजतेय. लाज होतीच, पण ती टेबलावरच्या दप्तराची होती.

आता मी भाईंदरजवळ, सिल्व्हर पार्कमधल्या एका क्लासमध्ये मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. हाच धडा तिथेही आहे. फळ्यावर मी चारच शब्द लिहिते. पाचवा लिहायला हात उठत नाही. पुरे झाले चार, म्हणते.

राहतेही जवळच, चौथ्या मजल्यावर. आय अधूनमधून येते. रिकाम्या हाताने येते, आंघोळ करून, मानेवर पावडर थापून. आल्यावर धापा टाकत बसते. लिफ्ट असताना जिन्याने का येतेस, विचारलं तर म्हणायची, "लिफ्टात कोंडतं गो मला."

मी मान्य केलं होतं. यंदा दिवाळीच्या आसपास वॉचमनने सांगितलं, "मॅडम, वो तीसरे माले वाली मॅडम ने मम्मी को बोला था, लिफ्ट यूज मत करो करके. ओडर आता है."

ओडर. सभ्यपणे सांगायचा शब्द. नाकाने कांदे सोलणाऱ्या बाईने किती जपून निवडला होता.

मी तिथेच पायरीवर बसले. आयच्या हातात त्या दिवशी मासा नव्हता. कुठल्याच दिवशी नव्हता. पावडरचा डबा रिकामा करून ती लेकीकडे येत होती, आणि तरी त्या बाईला वास आला. म्हणजे तो नाकाला येतच नव्हता. आधी समोरची बाई बघायची, तिचं लुगडं बघायचं, तिची बोली ऐकायची, मग शब्द ठरवायचा. वर्गातही तेच झालं होतं. टीचरनी फळ्यावर शब्द लिहिले, पण माझ्या वाट्याचा शब्द पुडी उघडण्याआधीच ठरलेला होता. इतकी वर्षं मी स्वतःला हुंगत बसले. मला राग आला. इतका आला की हातातली किल्ली तळव्यात रुतली तरी कळलं नाही.

रविवारी उत्तनला गेले. आय बांबूखाली होती.

"माझा वाटा दे," मी म्हटलं.

"कसला?"

"पयल्या बोंबलाचा. पोरीचा वाटा न्हाय काय?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. न्हाय हा शब्द तिने माझ्या तोंडून किती वर्षांनी ऐकला असेल. "तुझ्या बिल्डिंगीत नको गो," म्हणाली, "लोकं बोलतान." पण वाटा काढला. सरळ, पिवळसर बघून काढला.

तिला सोबत घेऊन आले. बिल्डिंगच्या दाराशी ती सवयीने जिन्याकडे वळली. मी दंड धरून लिफ्टमध्ये नेलं. दार लागणार तोच तिसऱ्या मजल्यावरची बाई आली. पुडीकडे बघितलं, आयकडे बघितलं, ओढणी नाकाला.

"आंटी, प्लीज. मैंने बोला था ना. ओडर आता है."

आयने पुडी पदराखाली घेतली. "मी जातंय जिन्यानं. पाय हायत ना."

"न्हाय," मी म्हटलं.

मग त्या बाईला म्हटलं, "इट्स अ स्मेल. बोंबलाचा आहे. माझ्या आईने वाळवलाय. आम्ही लिफ्टनेच जाणार."

"मैं तो पोलाइटली बोल रही हूँ."

"माहीत आहे. मी इंग्रजी शिकवते."

दार उघडं ठेवायचं बटण मी दाबून धरलं. यायचं तर या, म्हटलं. ती आली नाही. आम्ही वर गेलो. आयला धाप लागली नव्हती. तिचे हात घेऊन मी माझ्या नाकाशी नेले आणि हुंगले. मिठाचा वास होता, उन्हाचा होता. ती हात ओढून घ्यायला बघत होती. मी सोडले नाहीत.

बोंबील गॅसवर भाजले तेव्हा घराचं दार उघडं ठेवलं. अर्धे ठेवले आहेत, तसेच पुडीत, सुतळी बांधून.

सोमवारी क्लासमध्ये तो धडा आहे. फळ्यावर पाचही शब्द लिहीन. पुडी टेबलावर सोडीन आणि सांगीन की हा बोंबील कुणाचा आहे, कुणी वाळवला, आणि तो पहिला वाटा आहे. शब्द कोणता ते मग विचारीन. क्लासचे मालक नाक मुरडतील. कदाचित म्हणतील, उचला हे, परत न्या.

नेईन. समुद्रात सोडणार नाही. मंगळवारी परत टेबलावर ठेवीन.