दोन बोटं जातील एवढी गाठ

डॉक्टरांनी माझे दोन्ही हात रिकाम्या खाटेच्या दांडीला बांधले. भर सकाळी, सगळ्या वॉर्डासमोर. गाठ आवळून म्हणाले, "तुझ्या जातीला मळ काढायला ठेवलंय. डोकं चालवायला नाही."

मराठीत म्हणाले. कुंभकोणच्या त्या सरकारी इस्पितळात मराठी आम्हा दोघांच्याच घरची. त्यांचे वाडवडील तंजावरच्या दरबारात कारकून, माझे त्याच दरबारात झाडूवाले. एरवी ते माझ्याशी तमिळच बोलत. अपमान तेवढा घरच्या भाषेत.

मी तिथली आया. चोळपुरमची सेल्लम्माळ बाळंतपणानंतर तापात भ्रमली होती. ओरडायची, खाटेवरून उठून पळायची. गोरा सर्जन तपासणीला येणार, म्हणून डॉक्टरांनी तिला बांधायला सांगितलं. आदल्या दिवशी मीच बांधली. हुकूम होता. घट्ट बांधली आणि दुसऱ्या कामाला गेले. बांधलेल्या माणसाकडे काय बघायचं?

सकाळी अंग पुसायला गेले, तर तिची बोटं सुजून काळीनिळी. मी गाठ सैल केली. पाणी पाजलं. तेवढ्यात डॉक्टर औषध घेऊन आले. तिनं मोकळा झालेला हात झटकला आणि त्यांच्या हातातली बाटली पडून फुटली.

म्हणून मी दुपारपर्यंत बांधलेली.

माशी पापणीवर बसली. हाकलता येईना. पाणी मागितलं, भीतीनं कुणी दिलं नाही. मग लुगडं ओलं झालं. दोघी-तिघी हसल्या, मी मान खाली घातली. समोरच्या खाटेवरून सेल्लम्माळ बघत होती. तिचं लुगडं रात्रभर असंच ओलं होतं. माझ्यामुळे. हे कळलं, तेव्हा डॉक्टरांपेक्षा मला माझीच चीड आली.

सोडल्यावर हातात लोटा धरवेना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर सेल्लम्माळकडे बोट दाखवून म्हणाले, आज हिला नीट आवळ. आजवर मी "बरं, सामी" एवढंच म्हणत आले होते. त्या दिवशी तमिळमध्ये बोलले, सगळ्या खाटांना ऐकू जाईल असं.

"बांधीन. पण दोन बोटं आत जातील एवढीच गाठ. तासातासाला सोडीन, पाणी पाजीन, बोटं बघीन, लघवीला नेईन. ती बांधलेली आहे तोवर तिच्याजवळून हलणार नाही."

"कामावरून काढीन तुला."

"काढा. मग तुम्ही बसा तिच्याजवळ."

ते बसले नाहीत. मला काढलंही नाही. बांधलेल्यांचा मळ काढायला दुसरं कोण येणार होतं?

सेल्लम्माळचा ताप उतरला. डाव्या हाताची बोटं मात्र सरळ झाली नाहीत. आता तिला भाताची रोपं मुठीत धरता येत नाहीत. ती गाठ माझी होती. हुकूम त्यांचा असला तरी हात माझे होते.

त्यानंतर तीन डॉक्टर आले नि गेले. प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते: बांधायला सांगाल, तर मी बांधलेल्याजवळ बसणार. उठवायचं असेल, तर आधी मला बांधावं लागेल. आणि या वेळी मी मान खाली घालणार नाही.