मालनबायचं आवतण

बाळकुम गावठाणात लग्नाचं बोलावणं पत्रिकेनं पोचत नाही. पत्रिका देवाजवळ ठेवायला आणि शोकेसच्या काचेत खोचायला. खरं बोलावणं म्हणजे आवतण, आणि आवतण म्हणजे मालनबाय. लुगडं घट्ट खोचून, पितळी वाटीत हळदीच्या अक्षता घेऊन ती उंबऱ्याशी उभी राहणार, घराचं नाव घेणार, कुणाची हळद, कधी, ते खणखणीत सांगणार आणि तिथून हलणार नाही. घरच्या बाईनं अक्षता उचलायच्या आणि आपल्या डब्यातले चिमूटभर तांदूळ वाटीत टाकायचे. ते पडले की आवतण पोचलं. नाही पडले तर मालनबाय पुन्हा येणार.

एकदा एका घरची बाई बाजारात गेलेली. नवरा म्हणाला, मी सांगतो तिला. मालनबायनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तू सांगशील रे, पण तांदूळ कुठल्या डब्यात हाय ते तुला ठाव हाय का? त्याला नव्हतं. संध्याकाळी ती पुन्हा दारात.

घरांची नावं तिची तिलाच पाठ. विहिरीवरचे, चिंचेचे, आंब्याखालचे. शेतात टॉवर उभे राहिले, निम्मे लोक त्यांत राहायला गेले, विहीर पार्किंगखाली गेली, तरी विहिरीवरचे ते विहिरीवरचेच. फक्त आता सी विंग, वरून दुसरा मजला. कोण कुठून उठून कुठं बसलं, हे मालनबाय डोक्यातल्या डोक्यात बदलत राहायची.

मग आंब्याखालच्यांकडं, म्हणजे तिच्याच माहेरी, भावाच्या, उत्तमच्या मुलीचं, श्रियाचं लग्न ठरलं. श्रियाचा भाऊ सूरज सोफ्यावर पसरून म्हणाला, की आत्ये, टेन्शन नको घेऊस, मी ग्रुपवर टाकलेलं सगळं, एका क्लिकमध्ये अख्खं गाव कव्हर. श्रिया वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात कंपन्यांची नेटवर्क सांभाळते. तीही म्हणाली, आत्ये, तुझे गुडघे बघ आधी.

मालनबायनं वाटी पदरानं पुसली आणि ताठ उभी राहिली.

"ग्रुपवर आवतान नसतं. ग्रुपवर गुड मॉर्निंग असतं."

कुणी ऐकलं नाही. मग तीही गप्प बसली, पण तिचं ते गप्प बसणं दोन आळ्यांपलीकडे ऐकू जात होतं.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी घाणा भरायचा होता. मांडवात उखळ-मुसळ सजवलेलं, सुपात धान्य, ग्रुपवर अंगठ्यांची रांग. आणि मांडवात कोण? सूरज आणि खुर्च्या मोजणारा मांडववाला. सूरज धावत आळीत गेला, तर बाया घरोघर तयार. अंबाड्यात फुलं, अंगावर नवी लुगडी, सगळ्या आपापल्या दारात बसलेल्या. लग्नाची गाणी म्हणणारी रतनबाय तर पानाचा डबा मांडीवर घेऊन, घसा साफ करून बसलेली. सूरज कळवळून म्हणाला, की अगं, तुम्ही सगळ्यांनी लाईक केलेलं ना? रतनबाय शांतपणे म्हणाली, केला की बाला, फोटू चांगला हाय. पण बोलवायला कोन आलंय?

श्रियाला आधी हसू फुटलं, मग उद्याची हळद आठवली आणि ते विरलं. ती मालनबायच्या घरी गेली आणि ऑफिसात नव्या पोरांना सांगते तेच तिनं इथं कबूल केलं. सगळ्यांना एकदम ओरडून सांगणं वेगळं आणि एकेका पत्त्यावर पोचवणं वेगळं. समोरून 'मिळालं' असं येत नाही, तोवर मिळालं नाही असंच धरायचं.

मालनबाय म्हणाली, मग एवढं शिकून इतके दिवस गप का होतीस? आणि वाटी उचलून निघाली.

दुपारपर्यंत गावठाण आणि बाकीचे टॉवर झाले, मांडवात घाण्याची गाणी सुरू झाली. वाटी तांदळानं भरली. उरलं एकच घर: टॉवरात राहायला गेलेल्या प्रभाकरचं, उत्तमच्या आणि मालनबायच्या धाकट्या भावाचं. घरचा गणपती गावठाणात बसवायचा की टॉवरात, यावरून भाऊ भांडलेले. प्रभाकरनं घराचा ग्रुप सोडला, नंबरही बदलला. पण याच काकानं श्रियाला सायकलवरून माजिवड्याच्या शाळेत नेलेलं. उद्या हळद लागताना काका समोर हवा, एवढंच तिचं मागणं. उत्तमनं सांगून टाकलं, त्याच्या दारात आपलं माणूस जाणार नाही.

"दार त्याचं, शेत बापाचं," मालनबाय चपला घालत म्हणाली. "मी शेतात चाललेय."

श्रिया तिच्यामागे निघाली.

टॉवरच्या गेटवर वॉचमननं मोबाईलमध्ये नाव घातलं, वर विचारलं, वाट पाहिली. स्क्रीन लाल झाली. मावशी, वरून नाय आलं, जायला नाय देता येणार. मालनबायचा चेहरा एक क्षणच उतरला. परब्यानं सख्ख्या बहिणीला नको म्हटलं? मग ती वॉचमनच्या खुर्चीत जाऊन बसली आणि त्याला सांगू लागली, की तू उभा हायस तिथं आमचं खळं होतं, त्या कारंज्यापाशी बैल बांधायचे. वॉचमननं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर गळ्यातलं कार्ड सरळ करत आला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, की मॅडम, समजून घ्या, आमचा एक प्रोटोकॉल असतो.

"माझा पन हाय," मालनबाय म्हणाली.

मॅनेजर पुन्हा गळ्यातलं कार्ड सरळ करू लागला.

श्रिया तिच्या कानाशी वाकली. आत्ये, आमच्याकडे एक वाट बंद झाली की निरोप दुसऱ्या वाटेनं सोडतात. त्या बाजूला जाणाऱ्याच्या हाती द्यायचा. त्यानं तो उघडायचा नाही, पुढच्या दारापर्यंत न्यायचा फक्त. मालनबायला हे पटेना. आवतण परक्या हाती देत नाहीत. पण लाल स्क्रीनपुढे हार मानणं तर त्याहून पटेना. तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन चित्राताई गेटातून आत शिरल्या. डोंबिवलीहून नुकत्याच इथं राहायला आलेल्या. मालनबायनं त्यांच्यापुढे वाटी धरली आणि काम सांगितलं.

"अहो, पण मी त्यांना ओळखत नाही," चित्राताई गोंधळून म्हणाल्या. "लिफ्टमध्ये आम्ही एकमेकांकडे पाहून हसतो, इतकंच."

ओलखायचं काय काम, मालनबाय म्हणाली. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, आंब्याखालच्यांकडं उद्या हळद, असं म्हनायचं. अक्षता उचलल्या की तांदूळ मागायचे. तांदूळ मिळाल्याशिवाय हलायचं नाय. चित्राताईंनी शाळेतल्या मुलीसारखं सगळं मनाशी घोकलं आणि लिफ्टकडे गेल्या.

लिफ्ट गेली. मालनबायची नजर लिफ्टच्या दारावर.

दार उघडलं. चित्राताईंनी वाटी दोन्ही हातांनी धरलेली, त्यात पांढरे तांदूळ. मागे हाफ पँटीतला प्रभाकर, घामाघूम.

"बाय, या बाईंना कनाला पाठवलंस?" तो म्हणाला. "तांदूळ दिल्याबिगर दारातून हलेनात. माझी बायको बाहेर गेलेली, मी सगळे डबे उघडून बघितले."

"तू मला नको म्हनालास."

"मी? कधी? मोबाईल आत चार्जिंगला हाय."

सगळे वॉचमनकडे वळले. तो ओशाळून म्हणाला, की वरून उत्तरच नाही आलं तर ते आपोआप लाल होतं. श्रियानं कपाळावर हात मारला. उत्तर न येणं म्हणजे नकार नाही, हे ती रोज पोरांना शिकवते, आणि आज तीही त्या लाल स्क्रीनवर विश्वासून बसली होती. मालनबायही बसली होती, पण ते कबूल करणारी ती नव्हे.

"मग त्या मशीनला सांग," तिनं मॅनेजरला सुनावलं, "उत्तर नाय आलं तर पुन्हा जायचं असतं."

प्रभाकर पुतणीकडे पाहत उभा होता. म्हणाला, ग्रुप मात्र मी रागानंच सोडलेला. मालनबाय म्हणाली, तो सोड, उद्या हळदीला ये. आणि दादा? त्यानं विचारलं. दादाला मी बघते. प्रभाकरनं मान हलवली आणि श्रियाच्या डोक्यावर हात ठेवला.

चित्राताई हळूच निघाल्या होत्या. मालनबायनं त्यांना थांबवलं, चिमूटभर अक्षता त्यांच्या तळहातावर ठेवल्या आणि उद्याचं आवतण दिलं. चित्राताई भारावल्या, नक्की येऊ म्हणाल्या. मालनबाय वाटी पुढे धरून तशीच उभी.

"तांदूळ वर घरात आहेत हो," चित्राताई म्हणाल्या.

मालनबाय पुन्हा वॉचमनच्या खुर्चीत बसली.

"जा, घेऊन ये. मी हाय इथं."