खुर्ची मांडून देव शोधणारे काका

आधीच सांगते, माझ्या ऱ्हस्वदीर्घाला कुणी हसू नये. शाळा चौथीत सुटली आणि त्यानंतर हातात पेन्सिल आली ती दुधाचा हिशेब लिहिण्यापुरती. अक्षर तर असं, की वाण्याची यादी मीच लिहायची आणि दुकानात गेल्यावर मलाच ती लागायची नाही. तरी लिहिते आहे, कारण तोंडानं सांगणं मला कधी जमलं नाही. चार माणसं जमली की माझी जीभ टाळूला चिकटते. आणि काकांबद्दल कुणीतरी लिहायला हवंच. काकांइतक्या चिकाटीनं देवाला शोधणारा माणूस अख्ख्या नव्या मुंबईत दुसरा नसेल, आणि देव सापडल्यावर इतकी पंचाईत झालेलाही दुसरा नसेल.

काका म्हणजे ह्यांचे सख्खे चुलते. आम्ही मूळचे नगरकडचे, पणजोबांपासून ख्रिस्ती. काकांनी लग्न केलं नाही. तुर्भ्याच्या एका कारखान्याच्या गेटवर ते टाइमकीपर होते. कोण किती वाजता आत आलं आणि कोण कधी बाहेर पडलं, हे बघण्यात त्यांचा जन्म गेला. रिटायर झाल्यावर ती सवय मोडेना म्हणून की काय, देव कुठं आत आलाय आणि कुठून निघून गेलाय हे ते बघायला लागले. कारखान्याची कॅन्टीन मोडली तेव्हा त्यांना एक लोखंडी घडीची खुर्ची मिळाली होती, निळ्या पट्ट्यांची. ती काखेत मारून ते नेरूळभर फिरायचे. एखादी जागा मनात भरली की खुर्ची उघडायची, बसायचं, डोळे मिटायचे आणि वाट बघायची. ह्याला ते 'सान्निध्य बघणं' म्हणत. लोक त्यांना खुर्चीवाले काका म्हणत. मी नवी नवरी असताना एकदा धीर करून विचारलं होतं, "काका, देव तर सगळीकडे असतो ना?" ते म्हणाले, "असतो की. पाणीसुद्धा जमिनीखाली सगळीकडे असतं सूनबाई. विहीर सगळीकडे खणतात का?" मी भाकरी थापायला लागले. पण तेव्हापासून माझा गोंधळ सुरू झाला तो आजतागायत मिटलेला नाही.

आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत ते पहिल्यांदा खुर्ची घेऊन आले तो दिवस मला चांगला आठवतो. समोरच्या वहिनींचे मिस्टर तेव्हा गच्चीवर अँटेना फिरवत होते आणि खाली खिडकीतून वहिनी ओरडत होत्या, "आलं, आलं! गेलं! अहो, मागं घ्या थोडं!" आणि आमच्या घरात काका खुर्ची घेऊन अगदी तसेच फिरत होते. खिडकीपाशी बसले, नाही म्हणाले. पलंगाजवळ बसले, नाही म्हणाले. टीव्हीसमोर बसले आणि लगेच उठले. "इथं असला तरी आपलं ऐकणार नाही. क्रिकेट बघत असेल." शेवटी स्वयंपाकघरात पाण्याचं पिंप आणि मागचं दार ह्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत त्यांनी खुर्ची घुसवली, डोळे मिटले आणि तास गेला तरी उघडले नाहीत. त्यांच्या पाठीशी तांदळाचा डबा. मी दोनदा आत आले, दोनदा बाहेर गेले. शेवटी हळूच म्हटलं, "काका, तांदूळ घ्यायचे होते." डोळे न उघडता म्हणाले, "घे की. तो काही म्हणत नाही." त्या दिवसापासून ती जागा त्यांची झाली. आठवड्यातून एकदा तरी येऊन ते तिथं बसायचे. मी त्यांच्या डोक्यावरून हात घालून डबे काढायला शिकले.

आता सान्निध्य आलं हे ओळखायचं कसं, तर त्याची काकांची खूण होती. त्यांचा उजवा गुडघा कायम दुखायचा. तो दुखायचा थांबला, की समजायचं. हे ऐकून मी आणखीच घोटाळ्यात पडले, कारण ते येणार असले की मी निर्गुडीचं तेल गरम करून ठेवत असे आणि ते बसण्याआधी गुडघ्याला लावत. मग थांबायचा तो तेलानं की देवानं? मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "तू तेल देऊ नकोस एकदा, कळेल." पण म्हाताऱ्या माणसाचा गुडघा दुखत ठेवून देवाची परीक्षा घ्यायची, हे मला बरं वाटेना. मी तेल देतच राहिले आणि ते मला कधीच कळलं नाही.

काका भोळे होते असं मात्र कुणी समजू नये. पारखून घ्या, हे त्यांचं पालुपद होतं. "वांगं घेताना देठ बघतेस ना? मग कुणी 'देव मला बोलला' म्हणालं की त्याचाही देठ बघायचा." आमची उपासना रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायची, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन. एकदा कुणी बाहेरचे उपदेशक आले. घामाघूम होऊन त्यांनी सांगितलं, की आज ह्या हॉलमध्ये प्रभू उतरला आहे, ज्यांना जाणवतंय त्यांनी हात वर करा. सगळ्यांचे हात वर झाले. मीही शेजारणीकडे बघून अर्धा केला. काकांचा खाली. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी नंतर विचारलं, "काय काका, जाणवलं नाही?" काका मोठ्यानं म्हणाले, "हॉलमध्ये नाही बुवा. पण बाहेर चपला काढतात ना, तिथं जरा वाटलं." पाळकसाहेब महिनाभर त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. मी मात्र दर रविवारी चपला काढताना उगीच थोडी जास्त वेळ वाकून राहायची. मला काही जाणवायचं नाही. कुणाची तरी चप्पल पायाखाली यायची, एवढंच.

तुर्भ्याला ट्रक उभे राहतात त्या मैदानात काकांना एकदा फार मोठं सान्निध्य लागलं होतं म्हणे. दोन ट्रकांच्या मध्ये खुर्ची टाकून बसले होते. ड्रायव्हरांना आधी वाटलं, जकातीचा साहेब आहे. त्यांनी चहा आणून दिला. मग कळलं, की नाही. "अंकल, खुर्ची हटाओ, गाडी बॅक करनी है!" काका म्हणाले, "दो मिनिट रुको भाई, अभी आया है." "कौन आया है?" काकांना हिंदीत पुढचं सांगता आलं नाही. ड्रायव्हर मात्र खरंच दोन मिनिटं थांबला, हे काका नंतर मोठ्या कौतुकानं सांगत. "हॉर्नसुद्धा नाही वाजवला सूनबाई. आता हे कुणाचं काम?"

पुढं पुढं त्यांचं नाव इतकं झालं, की लोक त्यांना नवीन ब्लॉक दाखवायला न्यायला लागले. तेव्हा नेरूळला जिकडेतिकडे बिल्डिंगा उठत होत्या आणि कुठला ब्लॉक घ्यावा ह्याचं सगळ्यांनाच टेन्शन. समोरच्या वहिनी तर मागेच लागल्या. "काका, फक्त पाच मिनिटं बसा हो. आमच्या ह्याच घरात बेडरूम कुठलं करू तेवढं सांगा. आमचे वास्तुवाले खूप चार्ज करतात." काका भडकले, पण वहिनींनी पुरणपोळीचं नाव काढल्यावर गेले. पलंगावरच बसले, डोळे मिटले, आणि थोड्याच वेळात मांडी खाजवत उठले. म्हणाले, "वहिनी, देवाचं मला कळलं नाही. पण ह्या पलंगात ढेकूण आहेत."

ह्या सगळ्यात आम्ही हसत होतो, पण मनातून आमचाही त्यांच्यावर भरवसा बसत चालला होता. म्हणूनच तर पुढचं झालं. आमच्या घरमालकानं खोल्या मागितल्या. करावे गावाच्या कडेला एक बिल्डर सोसायटी बांधणार होता. रिकाम्या जागेवर बोर्ड लावला होता, त्यावर कारंजं आणि झाडं रंगवलेली. बयाणा भरायचा तर माझ्या पाटल्या आणि ह्यांच्या फंडातली सगळी रक्कम जाणार होती. हे होही म्हणेनात आणि नाहीही. मी रोज भांडी घासताना प्रार्थना करायची, भरू का नको? उत्तर यायचं नाही. किंवा यायचं आणि मला ओळखू यायचं नाही. शेवटी हे म्हणाले, "काकांना बसवू या."

रविवार होता. उपासनेनंतर मी मटण केलं होतं. काका पोटभर जेवले आणि आम्ही तिघं रिक्षानं करावेला गेलो. मोकळी जागा, पलीकडे खाडी, गार वारा सुटलेला. काकांनी बरोबर मधोमध खुर्ची मांडली आणि डोळे मिटले. मी आणि हे बाजूला उभे. इतक्यात गावातली एक बाई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन त्या वाटेनं आली. काकांना बघून थांबली.

"का गो," तिनं मला विचारलं, "यो बाबा कोनाची वाट बगतंय?"

मी लाजून पदर तोंडाला लावला. हे म्हणाले, "जागा बघायला आलोय."

"हितं? हितं घर नाय व्हायचा. मोठी भरती आली का पानी येतंय हितपत. आनी जागेचा भांडान हाय कोर्टात."

काकांनी डोळे न उघडता हात वर केला. "बाई, जरा गप्प राहा. मी ऐकतोय."

"कोनाचा ऐकतंय?" बाईनं इकडे तिकडे बघितलं. कुणीच बोलत नव्हतं. ती हसली, पाटी सावरली आणि निघून गेली. आम्हीही हसलो. जरा वेळानं काकांनी डोळे उघडले. चेहरा असा उजळलेला, की मी तसा कधी बघितला नव्हता. म्हणाले, "गुडघा अजिबात नाही. अजिबात! इथं आहे तो. भरा पैसे."

आम्ही भरले. पावसाळ्यात तिथं पाणी आलं, मग कोर्टाचा कागद आला. बिल्डरच्या ऑफिसला कुलूप लागलं आणि बोर्डावरचं कारंजं तेवढं राहिलं. घरमालकानं भाडं वाढवून आम्हाला राहू दिलं, हीच काय ती कृपा. पण पाटल्या गेल्या त्या गेल्याच. मी काकांना एका शब्दानं बोलले नाही. हेही नाही. पण त्यांना कळायचं ते कळलंच. काही रविवार ते आलेच नाहीत. मग एक दिवस आले तेव्हा काखेत खुर्ची नव्हती. हातात पाकीट होतं. तुर्भ्याच्या एका गोदामावर त्यांनी राखणदाराची नोकरी धरली होती. त्या वयात!

हे चिडले. "काका, डोकं फिरलंय का? पैसे बिल्डरनं खाल्ले. तुम्ही कशाला भरताय?"

काका म्हणाले, "जागा बिल्डरनं दाखवली, खरं आहे. पण इथं देव आहे असं बिल्डर म्हणाला का? मी म्हणालो. त्याचं नाव वापरून मी तुला पैसे भरायला लावले. ते त्याच्या नावावर राहू देऊ?"

"अहो, पण तुम्हाला तसं वाटलं म्हणून—"

"वाटलं! पोटात मटण, अंगावर वारा. असा जेवल्यावर मला कुठंही देव जाणवतो." मग माझ्याकडे बघत हळू म्हणाले, "आणि तो बोलला असेल तर ती पाटीवाली बोलली तेव्हाच बोलला असेल, सूनबाई. मीच त्याला गप्प केलं."

हे मी पुष्कळदा मनात घोळवलं. मला काही उलगडत नाही. ती बाई बिचारी मासळी विकायला चालली होती. तिच्या तोंडून देव बोलला म्हणावं, तर मग रोज दारावर येणारी भाजीवालीही बोलते, आणि समोरच्या वहिनीही दिवसभर बोलतात. सगळ्यांचं कसं ऐकायचं? आणि खरंच तो काकांना तिथं भेटलाच नसेल, तर तसा उजळलेला चेहरा वाऱ्यानं होतो का?

त्यानंतर काका दर महिन्याला पगार झाला की यायचे. पाकीट द्यायचे, आणि पिंपाशेजारी जमिनीवर बसायचे. डोळे मिटायचे नाहीत. खुर्ची आता गोदामाच्या दारात होती, नुसती बसायला. ते साखरेच्या भावाबद्दल बोलायचे, गोदामातल्या मांजरीबद्दल बोलायचे. गुडघ्याचं नाव काढत नसत, तरी मी तेल गरम करून द्यायची. एकदा राहवलं नाही, विचारलं, "काका, इथं जाणवायचं तुम्हाला. अजून जाणवतं?"

"मी आता सांगत नाही. तू सांग. तुझं घर आहे."

"मला कधीच काही जाणवलं नाही काका."

"कधीच नाही? मग इतकी वर्षं मी इथं डोळे मिटून बसायचो तेव्हा तू आवाज न करता डबे काढायचीस, ते कशाला?"

"तुम्ही बसला होतात म्हणून."

"हं," काका म्हणाले आणि चहा प्यायले. त्या 'हं'चा अर्थ मी अजून लावते आहे.

गावाकडे त्यांची बहीण होती, एकटी, डोळ्यांनी अधू. ती बोलावत होती. काका म्हणायचे, हे फिटलं की जाईन, आधी नाही. हे ऐकल्यापासून मला ते पाकीट नकोसं झालं. पाटल्यांची आठवणही येईनाशी झाली. महिना संपत आला की वाटायचं, ह्या खेपेला पगार उशिरा होऊ दे. असली प्रार्थना करतात का कुठं? पण मी केली. आणि पगार दर वेळी वेळेवर झाला.

शेवटच्या खेपेला ते आले तेव्हा खुर्ची काखेत होती. मला उगीच आनंद झाला. पण त्यांनी ती उघडली नाही. घडी केलेलीच पिंपाशेजारी भिंतीला टेकवली. म्हणाले, "गाडीत कुठं घेऊन जाऊ? राहू दे तुझ्याकडे." मग पाकीट पुढं केलं. "हे शेवटचं. मोज."

"मोजायचं काय काका, तुम्ही दिलेत ना."

"मोज. पारखून घ्यावं."

मी मोजले. ते माझ्या बोटांकडे बघत होते. बाहेर समोरच्या वहिनी कुणाला तरी हाका मारत होत्या. मोजून झाल्यावर मी पहिल्यापासून पुन्हा मोजले, अगदी सावकाश, एकेक नोट अंगठ्यानं चोळून. कुठंतरी एखादी कमी भरेल असं वाटत होतं. पण पैसे बरोबर होते. सगळे फिटले होते.