खडक लागला की थांबायचं

लोअर हट शहरातल्या चंद्रहास केतकरांचा उभा जन्म इमारतींचे पाये खणण्यात गेला. २०१६च्या नाताळात ते बायकोला घेऊन साउथ आयलंडच्या एका ओढ्यावर सोनं शोधायला गेले. सोनं जड असतं, ते तळाच्या खडकाच्या भेगांत जाऊन बसतं, असं काठावरच्या पाटीवर लिहिलं होतं. पण केतकर पडले मूळचे पुणेकर. पाट्या लिहिणाऱ्यांतले, वाचणाऱ्यांतले नव्हेत.

तीन तास फावडं मारल्यावर खडक लागला. "बस! याच्याखाली खणायचं नसतं," असं ठणकावून ते चहा प्यायला वर आले.

प्रमोदिनीबाईंनी पाटी वाचली होती. त्यांनी खड्ड्यात उतरून डब्यातल्या चमच्याने भेग खरवडली आणि कणीएवढं सोनं नवऱ्याच्या नाकासमोर धरलं.

केतकर सोन्याकडे बघेनातच. "खडकाला भेग?" ते उसळले. "अगं, मग इथे एक मजलासुद्धा उभा राहायचा नाही!"