काकांचं पाऊल आणि माझा विसरलेला गोल

सांगायची लाज वाटते, पण चहा येईपर्यंत ऐकूनच घ्या. एवढी माती मी जन्मात खाल्ली नव्हती!

माझं काम असं. कोर्टात पुरावा म्हणून ठसा आला, की तो कुणाकुणाचा असू शकतो ते मांडायचं. प्रत्येक शक्यतेला एक गोल, गोलांना जोडणारे बाण, मग कंप्युटरवर हिशेब, कुठली शक्यता किती भारी. आमच्या पलासिया भागातल्या ऑफिसात नव्या मुलांना पहिल्याच दिवशी बजावतो, "ज्यानं ठसा हाताळला, त्याचाही गोल काढा!"

तर आमचे काका गेले. आमच्याकडे दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी, जीव गेला त्या जागी दिवा लावतात, कणीक पसरतात, वर टोपली झाकतात. सकाळी पाऊल कुणाचं उमटलं ते बघायचं. चिमणीचं दिसलं, तर जीव चिमणी झाला.

सकाळी काकूनं टोपली उचलली. दिवा विझलेला. समोर काकांची रिकामी खुर्ची. आणि कणकेत माणसाचा अर्धा पाय, आंगठा बाहेर वाकलेला. थेट काकांचा! माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

"तेच आले होते ना रे, मिलिंद?"

"थांब काकू, शास्त्रानं बघू."

लॅपटॉप उघडला. चार गोल: उंदीर, मांजर, काकूची मुलगी वैशालीताई आणि काका. उंदीर-मांजराला असला आंगठा कुठून? ताईचा पाय सरळ. उरलं कोण? मॉडेलचं बटण दाबलं.

"काकू... मॉडेल काकाच म्हणतंय."

तेराव्यानंतर काकू ताईकडे नागपूरला कायमची जाणार होती. भरलेली बॅग उघडून ती साड्या परत कपाटात ठेवायला लागली. "मैं नहीं जा रही अब. ते इथंच आहेत, त्यांना सोडून कशी जाऊ?"

ताई रडकुंडीला आली. "अरे भिया, ये क्या कर दिया? आईला इथं एकटी कशी ठेवू मी?"

काकूचा हात मध्येच थांबला. "काल टोपली कुणी उचलली तर नव्हती?"

"कुणीच नाही. म्हणजे मीच, आधीचा फोटो काढायला. त्या खोलीत एकट्याला भीती वाटत होती, म्हणून घाईघाईत, एक पाय पुढे टाकून, वरून..."

मी हळूच पाय मागे घेतला.

"पाय दाखव."

घराण्याचा वाकडा आंगठा. नखात अजून कणीक!

आता मला काकांची नाही, तिची भीती वाटायला लागली. "मला खरंच वाटलं रे, आले," एवढंच म्हणाली आणि डोळे पुसले. फार वाईट वाटलं हो.

मग तिनं साड्या परत बॅगेत भरल्या आणि माझ्या पायाकडे बघत म्हणाली, "बेटा, पुढच्या वेळी कोर्टात साक्षीला जाशील ना, तो मोजे पहनके जाना."