थॉर्नबी ग्रीनचं जातं

अमेरिकेतल्या प्लेनोत हायवेला लागून थॉर्नबी ग्रीन नावाचं एक जुनं इंग्लिश खेडं आहे. जुनं म्हणजे वीस-बावीस वर्षांपूर्वीचं. बिल्डर एकदा सुट्टीत इंग्लंडला गेला, तिथल्या थॉर्नबी नावाच्या शांत खेड्यात त्याने चहा घेतला आणि परत येऊन टेक्सासच्या कापसाच्या रानात तेच गाव उभं केलं. दगडी भिंती आहेत. दगड बोटभर जाडीचा, वरून चिकटवलेला. मिलर्स लेन आहे, मिल नाही. तळंही आहे, फक्त पंप बंद पडला की ते आटतं. या सगळ्याचा वारसा जपायला एक कमिटी आहे आणि तिची अध्यक्ष आहे मूळची मिरजेची नीलांबरी.

मिरजेच्या बाईकडे इंग्लिश खेड्याचा वारसा कसा आला, ते सांगायलाच हवं. तिची आई गेली, मिरजेचं घर विकायला निघालं, तेव्हा भाऊ म्हणाला, काय हवं ते घेऊन जा. शहाण्या बायका अशा वेळी दागिने नेतात. नीलांबरीने जातं मागितलं. तिच्या लग्नाची हळद आईने ज्याच्यावर दळली होती, ते. बोटीने, ट्रकने करत ते प्लेनोत पोचलं आणि नवऱ्याच्या, म्हणजे परीक्षितच्या पाठीत उसण भरवून दारापाशी बसलं. लाकडी फरशीला चरे पडतील म्हणून आत काही त्याला कुणी घेतलं नाही.

लगेच कमिटीची नोटीस आली: दारातली वस्तू गावाच्या शैलीत बसत नाही, हलवा. नीलांबरी तावातावाने मीटिंगला गेली. 'आईचं जातं आहे, हात लावून दाखवा,' असं वाटेत गाडीत घोकत होती. पण समोर सगळे इतकं गोड हसत होते, की आईचं म्हटल्यावर त्या हसण्यात मिसळणारी दया तिला आधीच दिसली. तोंडातून निघालं, "हे इंग्लंडचं आहे. तिथल्या खेड्यात यावर धान्य दळायचे." परीक्षितच्या प्रोजेक्टपायी ती काही महिने इंग्लंडात राहिली होती आणि रविवारच्या टूरमध्ये दोन खेडी बसच्या खिडकीतून पाहिली होती. एवढा अभ्यास पुरला.

दया राहिली बाजूला, लोक टाळ्या वाजवायला लागले. मिरजेची म्हटली तर अडगळ, इंग्लंडची म्हटली तर अँटिक. आणि हा नुसता गोऱ्यांचा भोळेपणा नव्हता बरं का. समोरच्या घरातली नागपूरची पद्मिनी, जिच्या आजोळी असलीच दोन जाती गोठ्यात लोळत होती, तीसुद्धा म्हणाली, "वॉव यार, किती ऑथेंटिक!"

जातं वाजतगाजत मधल्या हिरवळीवर गेलं. त्याच्यापुढे पितळी पाटी लागली. पाटी आली तशी माहिती विचारणारेही आले, आणि नीलांबरी कुणाला विन्मुख पाठवणाऱ्यांतली नव्हे. तिने जात्यासाठी ॲग्नेस नावाची एक मालकीण निर्माण केली. ॲग्नेसला विधवा केलं, तीन मुलं दिली, त्यांतलं एक साथीत मारलं. ते मूल मेलं तेव्हा कमिटीची सेक्रेटरी डेब्रा अक्षरशः रडली. खऱ्या थॉर्नबीत जाऊन कुणी विचारलं नाही. तिथल्या लोकांना आपला इतिहास काय डोंबल माहीत असणार! पुढच्याच निवडणुकीत नीलांबरी अध्यक्ष झाली, आणि पहिल्याच बैठकीत तिने झोकात नियम केला: वारशाची वस्तू हलवायची नाही, वापरायची नाही. पोरांची बोटं चेमटू नयेत म्हणून डेब्राने जात्याच्या दोन्ही तळ्या एकमेकींना चिकटवून टाकल्या. खुंटा 'नंतरची भर' ठरून कचऱ्यात गेला. अध्यक्षांनी दोन्हींना मान्यता दिली.

यंदा रुचाचं लग्न ठरलं. एकुलती एक लेक. आमच्याकडे लग्नाआधी जात्याला आंब्याची पानं बांधतात, पाच सवाष्णी मिळून हळद दळतात, ओव्या म्हणतात. टेक्सासात आंब्याची पानं मिळवली, ओव्या पाठ असलेल्या बायका मिळवल्या. जातं तर घरापासून हाकेच्या अंतरावर होतं, फक्त ते फिरत नव्हतं.

नीलांबरी डेब्राकडे गेली.

"डेब्रा, ते जातं माझ्या आईचं आहे. इंडियातलं. ॲग्नेस वगैरे कुणी नव्हती, मी खोटं बोलले. मला ते परत दे."

डेब्राने तिचे दोन्ही हात हातात घेतले. "नीला, मुलीचं लग्न आलं की आपल्या सगळ्यांनाच आईची आठवण येते. पण ॲग्नेसवर असा अन्याय नको करूस. तू दमली आहेस. फोटो काढायला हिरवळ मोकळी ठेवू का?"

घरी रुचा मेंदीवालीशी फोनवर बोलत होती. तिचा फोन होईस्तोवर नीलांबरी समोर बसून राहिली. मग म्हणाली, "आपलं जातं देत नाहीत गं."

"आपलं?" रुचा हसली. "आई, ते इंग्लंडचं आहे ना?"

लेकीला खरं सांगायचं राहूनच गेलं होतं. आधी ती लहान होती, शाळेत कुठे बोलून बसली असती. पुढे मोठी झाली, तेव्हा विषयच निघाला नाही.

मग नीलांबरीने सगळं सांगितलं. मिरजेचं स्वयंपाकघर सांगितलं, पिवळे झालेले आईचे हात सांगितले. ओवीत लेकीचं नाव आलं तेव्हा आईला पुढे गाता येईना आणि ती नुसतीच जोरजोरात दळत राहिली, तेही सांगितलं. सांगताना नीलांबरीचा उजवा हात आपसूक गोल फिरत होता. डोळे वाहत होते, ते तिने पुसले नाहीत. आईची इतकी आठवण तिला आई गेली तेव्हाही आली नव्हती.

रुचाने शेवटपर्यंत ऐकलं. जवळ येऊन आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"ब्यूटिफुल, आई. तू स्टोरीज ना, फारच छान सांगतेस," ती म्हणाली. "ही तरी खरी आहे का?"